‘आयरनी’: शिवी म्हणून जन्मलेला शब्द

१.
समाजमाध्यमांवरील इतिहासाच्या कोणत्याही लोकप्रिय थ्रेडची शेवटची ओळ आता ठरून गेली आहे: ‘केवढी ही इतिहासाची आयरनी!’ साम्राज्य बुडाले, आयरनी. राजाला त्याच्याच सरदाराने दगा दिला, आयरनी. दोन शत्रू एकाच तारखेला वारले, तीही आयरनी. ही ओळ आली की वाचक मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारायचे विसरतो. हा थ्रेड त्या ओळीविरुद्ध आहे. शब्द परका आहे ही तक्रार नव्हे. त्या शब्दाचा इतिहास ठाऊक नसताना इतिहासाचा निवाडा त्याच्या हवाली केला जातो, ही तक्रार आहे.

२.
या वादात दोन पक्ष आढळतात आणि दोघेही चुकतात. पहिल्या पक्षाला प्रत्येक योगायोग ‘आयरनी’ वाटतो. दुसरा पक्ष शुद्धलेखन तपासणाऱ्या मास्तरांचा. तो म्हणतो, मनात एक आणि ओठांवर त्याच्या उलट, एवढीच खरी आयरनी. सॉक्रेटिसाने ती जगाला दिली आणि ग्रीकांनी ती डोक्यावर घेतली. पहिला पक्ष शब्द सैल सोडतो; दुसरा त्याला एक खोटी, सोज्वळ कुळकथा चिकटवतो. खरी कुळकथा अथेन्सच्या नाट्यगृहात सुरू होते, आणि ती सोज्वळ मुळीच नाही.

३.
इ.स.पू. ४२३. अ‍ॅरिस्टोफेनिसचे ‘मेघ’ हे प्रहसन रंगभूमीवर आले. त्यात स्ट्रेप्सियाडीस नावाचा म्हातारा शेतकरी आहे. मुलाच्या घोड्यांच्या नादापायी तो कर्जात बुडाला आहे आणि सावकारांना चकवण्याची वाक्कला शिकण्यासाठी सॉक्रेटिसाच्या ‘विचारशाळे’त जातो. कर्ज बुडवता येणार असेल तर लोकांनी काहीही म्हटले तरी चालेल, असे सांगून तो स्वतःला लागू शकणाऱ्या शिव्यांची लांबलचक माळच म्हणून दाखवतो: लबाड, कोल्हा, निसरडा अशा धाटणीची. त्या माळेतला एक मणी म्हणजे ‘आयरॉन’. आज समीक्षेत मानाने मिरवणाऱ्या शब्दाचे सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक दर्शन हे असे, शिव्यांच्या यादीत घडते.

४.
पुढच्याच वर्षी त्याच नाटककाराच्या ‘गांधीलमाश्या’ या प्रहसनात एक म्हातारा घरातून निसटण्यासाठी गाढव विकायला जायचे निमित्त काढतो, आणि हे निमित्त किती ‘आयरॉन’-पणाने पुढे केले आहे, असा शेरा पडतो. अर्थ स्पष्ट आहे. ‘आयरॉन’ म्हणजे आतून सारे जाणणारा, बाहेरून भोळेपणाचा आव आणणारा. अंगावर जबाबदारी येऊ नये म्हणून स्वतःला लहान करून दाखवणारा. त्या काळच्या ‘आयरोनेइया’ला ‘उपरोध’ म्हणणे हे भाषांतर नव्हे, रंगसफेदी आहे. तिला मराठीत एकच शब्द नेमका बसतो: मानभावीपणा.

५.
हा मराठी शब्द येथे केवळ सोयीसाठी घेतलेला नाही. ‘मानभाव’ हे ‘महानुभाव’ या पंथनामाचे झिजलेले रूप. तेराव्या शतकात चक्रधरांनी उभा केलेला, अहिंसा मानणारा, धर्मविचारासाठी मराठीचा आग्रह धरणारा हा पंथ. त्याच्या विरोधकांनी त्या नावाचाच दुर्गुण केला. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण तर एका दमात दोन समाजांचा अपमान करते. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा अभ्यासकांपुढे येईपर्यंत बाहेरच्या समाजाला पंथाची ओळख बऱ्याच अंशी विरोधकांच्या तोंडूनच होत राहिली.

६.
या शिवीची खुबी कशात आहे, ते नीट पाहिले पाहिजे. कोणाला ‘खोटारडा’ म्हटले तर तो पुरावा देऊन खरे ठरू शकतो. कोणाला ‘मानभावी’ म्हटले की त्याची नम्रता, त्याचे मौन, त्याचा खुलासा, सारे काही आरोपाचाच पुरावा ठरते. तो जितका प्रामाणिक, तितका अधिक कसलेला नट! हा असा आरोप आहे की ज्यातून बाहेर पडायची वाट आरोपानेच बंद केलेली असते. अथेन्समध्ये ‘आयरॉन’ हा शब्द हेच काम करत होता. आणि त्याची किंमत कोणी चुकवली, हे सर्वांना ठाऊक आहे.

७.
प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या पुस्तकात थ्रॅसिमॅकस सॉक्रेटिसावर संतापतो. हीच ती सॉक्रेटिसाची नेहमीची ‘आयरोनेइया’, असे तो म्हणतो. हा स्वतः उत्तर देणार नाही, अज्ञानाचे सोंग घेईल, हे आपण आधीच सर्वांना सांगून ठेवले होते, अशी फुशारकीही मारतो. पाठ्यपुस्तके या प्रसंगाला ‘सॉक्रेटिक आयरनी’चा नमुना म्हणतात. येथे शब्द कोणाच्या तोंडी आहे, याकडे मात्र ती लक्ष देत नाहीत. सॉक्रेटिस स्वतःच्या पद्धतीला हे नाव देत नाही. ते नाव त्याच्यावर फेकले जाते. आरोप करणाऱ्याच्या शब्दाला आरोपीचा गुण ठरवणे, ही इतिहासलेखनातली साधी चूक नव्हे.

८.
आता इ.स.पू. ३९९. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस न्यायसभेपुढे उभा आहे. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या प्रहसनाने आपल्याविषयी जे मत लोकांत रुजवले, त्याचा उल्लेख तो आधीच करून चुकला आहे. दोषी ठरल्यावर शिक्षेचा प्रश्न येतो. गप्प राहून परदेशी का जगत नाहीस, असे कोणी विचारील, हे तो ओळखतो. गप्प राहणे म्हणजे देवाची आज्ञा मोडणे, असे त्याचे उत्तर आहे. पण त्यालाच पुढे सांगावे लागते की, हे म्हटले तर तुमचा विश्वास बसणार नाही. तुम्हाला वाटेल की हा ‘आयरॉन’पणा करतो आहे.

९.
या एका वाक्यात त्या शब्दाचा खरा इतिहास सामावला आहे. एक माणूस प्राणांतिक क्षणी, भर न्यायसभेत, आपल्या आयुष्यातले सर्वांत गंभीर विधान करतो आहे. आणि त्याला ठाऊक आहे की ते विधान ऐकले जाणार नाही, कारण त्याच्या अंगावर एक विशेषण चिकटले आहे. न्यायसभेने मृत्युदंड दिला. तो केवळ एका विशेषणामुळे दिला, असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. अथेन्सचे राजकारण, पराभूत युद्धाच्या आठवणी आणि अल्पजनसत्तेचे घाव त्यामागे होते. परंतु त्या विशेषणाने एक काम नक्की केले: खरे बोलण्याची सोय काढून घेतली.

१०.
यावर प्रतिपक्ष ‘सिम्पोझियम’ पुढे करील. तेथे अल्सिबायडीस सॉक्रेटिसाच्या ‘आयरोनेइया’विषयी बोलतो ते काहीशा प्रेमाने, दुखावलेल्या चाहत्याच्या स्वरात. ग्रेगरी व्लास्टोस यांनी १९९१ च्या आपल्या सॉक्रेटिसविषयक ग्रंथात असा युक्तिवाद केला की सॉक्रेटिसाच्या व्यक्तिमत्त्वामुळेच या शब्दातून फसवणुकीचा अर्थ गळून पडला. युक्तिवाद वजनदार आहे आणि त्याला विरोधही तितकाच झाला आहे. तो पूर्ण मान्य केला तरी एवढेच सिद्ध होते की, एका माणसाच्या वागण्याने शब्द हळूहळू धुऊन निघाला. तो मुळात मळलेला होता, हे तर व्लास्टोसही नाकारत नाहीत.

११.
शिवाय मळ इतक्या लवकर गेला नाही. सॉक्रेटिसाच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतकाने, इ.स.पू. ३५१ च्या सुमारास, डेमॉस्थेनिस मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध पहिले भाषण करतो. अथेनियन नागरिकांनी ‘आयरोनेइया’ टाकून द्यावी, असे तो बजावतो. येथे विनोदाचा मागमूस नाही. लष्करी सेवा आणि कर यांची वेळ आली की ‘आपल्याला कुठे जमणार’ असे म्हणून अंग काढून घेणे, हा त्याचा अर्थ. कामाच्या वेळा नागरिकांच्या दिरंगाईसाठी आणि या चुकारपणासाठी थांबत नाहीत, हे त्याचे म्हणणे. म्हणजे ‘आयरोनेइया’ हा नागरी दुर्गुण होता: कर्तव्य टाळण्यासाठी पांघरलेला साधेपणा.

१२.
अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखसच्या नीतिशास्त्रा’त सत्यवादी माणसाला मध्ये बसवले. एका टोकाला स्वतःला फुगवून सांगणारा बढाईखोर, दुसऱ्या टोकाला स्वतःला कमी करून सांगणारा ‘आयरॉन’. दुसरा त्याला पहिल्याहून सुसह्य वाटतो आणि त्या संदर्भात तो सॉक्रेटिसाचे नावही घेतो. पण तो त्याला सद्गुणी म्हणत नाही. दोन्ही टोके सत्यापासून ढळलेलीच. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने तर ‘स्वभावचित्रे’ या पुस्तकाचा आरंभच ‘आयरॉन’ने केला: शत्रूंशी गोड बोलणारा, ज्यांची पाठीमागे निंदा करतो त्यांची तोंडावर स्तुती करणारा, कोणी मदत मागितली की हात वर करणारा माणूस.

१३.
मग हा शब्द प्रतिष्ठित केव्हा झाला? रोममध्ये. इ.स.पू. ५५ मधील ‘वक्त्याविषयी’ या ग्रंथात सिसेरोने त्याला सुसंस्कृत नागर आडपडद्याचे रूप दिले आणि सॉक्रेटिसाला त्याचा आदर्श ठरवले. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने तो अलंकारशास्त्रात बसवला: बोलले त्याच्या उलट समजायचे. आज शाळेत शिकवली जाते ती व्याख्या ही. ती ग्रीक नाही, रोमन आहे. ती बाजारातल्या भांडणातून नव्हे, वक्तृत्वाच्या वर्गातून आली आहे. शुद्धतावादी ज्या ‘मूळ अर्था’साठी हिरिरीने भांडतात, तो मूळ अर्थच नव्हे.

१४.
येथे कोणी म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतातच. मग कुरकूर कशाला? कुरकूर बदलाविषयी नाही. बदलात काय हरवले, ते विसरण्याविषयी आहे. ग्रीक शब्दाच्या पोटात एक नैतिक प्रश्न होता: हा माणूस सोंगाआड कोणती जबाबदारी लपवतो आहे? रोमन व्याख्येत तो प्रश्न उरत नाही. उरते ती शैली. क्विंटिलियनने मात्र जाताजाता एक कसोटी देऊन ठेवली. बोललेल्याच्या उलट समजायचे, हे तीन गोष्टींवरून कळते: बोलण्याचा सूर, बोलणारी व्यक्ती आणि विषयाचे स्वरूप. शब्द आणि या तिहींपैकी एक यांचा मेळ बसेना, की अर्थ दुसरा आहे हे समजावे.

१५.
कसोटी ढिली पडली की काय होते, ते लंडनने १७०२ मध्ये पाहिले. डॅनियल डिफोने एक निनावी पत्रक काढले. स्वतः प्रस्थापित चर्चबाहेरचा असूनही त्याने कट्टर चर्चवाद्याचा आवाज घेतला आणि आपल्याच पंथबांधवांना चिरडून टाकण्याची मागणी केली. सूर कागदावर उमटत नव्हता, लेखक अज्ञात होता, आणि विषय असा की तसे बोलणारे धर्मोपदेशक प्रत्यक्षात होते. तिन्ही खुणा पुसलेल्या! काहींनी पत्रक खरे मानून त्याचे स्वागत केले. लेखक कळल्यावर दोन्ही बाजू चवताळल्या. जुलै १७०३ मध्ये डिफोला तीन दिवस भर रस्त्यात खोड्यात उभे केले गेले, आणि तुरुंगवास वेगळाच.

१६.
महाराष्ट्राला दुहेरी अर्थाची ही जोखीम पुस्तकातून शिकावी लागली नाही. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. शास्त्राने पाहिले तर हे रूपक आहे, उपरोध नव्हे. पण त्याची कळ तीच आहे जी एच. डब्ल्यू. फाउलरने १९२६ च्या आपल्या इंग्रजी शब्दवापराच्या कोशात आयरनीचे लक्षण म्हणून सांगितली: श्रोते दोन, एक नुसते ऐकणारा आणि दुसरा त्यामागचे समजणारा. सरकार पहिल्या रांगेत फार काळ बसले नाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

१७.
डिफो आणि खाडिलकर यांच्या बाबतीत ‘आयरनी’ हा शब्द, किंवा त्याचा शेजारी, अजून माणसाच्या बोलण्याला चिकटलेला आहे. ‘इतिहासाची आयरनी’ ही वेगळीच वस्तू, आणि ती वयाने फार लहान आहे. १७९७ च्या सुमारास फ्रीडरिश श्लेगेलने जर्मनीत या शब्दाला अलंकारातून उचलून तत्त्वज्ञानात नेले. १८३३ मध्ये कॉनप थर्लवॉल या इंग्रज विद्वानाने सोफोक्लिसच्या आयरनीवर निबंध लिहिला, आणि शब्द बोलण्यापुरता न ठेवता घटनांना लावला. नाटककार आपल्या छोट्या जगाकडे जसा वरून पाहतो, तशी एखादी सत्ता मानवी जगाकडे पाहत असावी, ही त्याची कल्पना. ‘नियतीचा उपहास’ इंग्रजीत प्रतिष्ठित झाला तो असा.

१८.
म्हणजे ज्या अर्थाने थ्रेड संपवले जातात, तो अर्थ दोनशे वर्षांचाही नाही. आणि तो रंगभूमीवरून उसना आणलेला आहे. इडिपस राजा खुन्याला शाप देतो. खुनी तोच आहे, हे प्रेक्षक जाणतो, राजा जाणत नाही. या रचनेचे तीन खांब आहेत. पात्राचा एक हेतू असतो. त्या हेतूवर पाणी फिरते ते त्याच्याच कृतीने. आणि पात्राला न दिसणारे कोणाला तरी त्याच वेळी दिसत असते. तिन्ही खांब असतील तरच छप्पर उभे राहते. दोन शत्रू एकाच तारखेला वारले, यात एकही खांब नाही. त्याला मराठीत योगायोग म्हणतात, आणि तो शब्द पुरेसा आहे.

१९.
आता थ्रेडजगतातले सर्वांत लाडके उदाहरण या कसोटीवर ठेवावे. ‘इंग्रजांनी कारकून तयार करण्यासाठी इंग्रजी शिक्षण आणले आणि त्यातूनच त्यांची सत्ता उलथवणारे निघाले. केवढी आयरनी!’ मेकॉलेचे कुप्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारी १८३५ चे. पण त्याआधी दीड वर्ष, १० जुलै १८३३ रोजी, तोच मेकॉले ब्रिटिश संसदेत बोलला होता: युरोपीय ज्ञान मिळाल्यावर हिंदी प्रजा एक दिवस युरोपीय राज्यसंस्थाही मागेल, तो दिवस कधी येईल हे ठाऊक नाही, पण आला तर इंग्लंडच्या इतिहासातला तो सर्वांत अभिमानाचा दिवस असेल, या आशयाचे. ज्याने परिणाम आधीच बोलून दाखवला, त्याला इडिपसच्या जागी कसे उभे करता येईल?

२०.
मुंबई इलाख्यातली आठवण तर याहून जुनी आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचा सहकारी ब्रिग्ज याने सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून त्याने ती कशासाठी, असे विचारले. येथील लोकांना शिकवण्यासाठी, असे उत्तर मिळाले. आणि युरोपात परत जाण्याचा आपला राजमार्गही हाच, अशी पुस्तीही एल्फिन्स्टनने जोडली. राज्यकर्त्यांपैकी निदान काहींना डोळ्यांपुढे वाट दिसत होती. अहंकार होता, हिशेब होता, कदाचित आत्मगौरवही होता, अज्ञान नव्हते.

२१.
म्हणून येथे ‘आयरनी’ हा शब्द केवळ चुकीचा नाही. तो लपवाछपवी करतो. राज्यकर्त्यांचा विचार तो लपवतो आणि त्यांना भोळे ठरवतो. त्याहून वाईट म्हणजे तो प्रजेचे श्रम लपवतो. शिक्षणातून स्वातंत्र्य आपोआप उगवले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढावी लागली आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करावा लागला. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेल्या दादाभाई नौरोजींना इंग्रजांचेच आकडे वर्षानुवर्षे चिवडून संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडावा लागला. त्यांचा मोठा ग्रंथ १९०१ मध्ये आला. माणसांनी घाम गाळून घडवलेली गोष्ट ‘नियतीची गंमत’ म्हणून खपवणे, हा त्या घामाचा अपमान आहे.

२२.
मग इतिहासात हा शब्द वापरूच नये काय? वापरावा; पण खांब मोजून. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. हेतू एक: पेशवेपद वाचवणे. कृती स्वतःची: इंग्रजी फौज पदरी, म्हणजे खरे तर डोक्यावर, घेणे. इतर मराठा सरदारांना त्यातला धोका दिसत होता. शिंदे आणि भोसले १८०३ मध्ये लढायलाच उभे राहिले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बाजीराव सालिना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला.

२३.
येथे तिन्ही खांब उभे आहेत, शब्द शोभतो. तरीही त्याने फक्त आकार दाखवला, कारण सांगितले नाही. तैनाती फौजेची यंत्रणा, पुणे दरबाराचे रिते खजिने, शिंदे-होळकरांचे वैर, कंपनीची युद्धयंत्रणा आणि पतपुरवठा, हे सारे त्यानंतर सांगायचे असते. ‘आयरनी’ ही विश्लेषणाची पहिली ओळ असू शकते, शेवटची नव्हे. जो थ्रेड तिथे थांबतो, तो इतिहास सांगत नाही. तो बाकावर बसून नाटक पाहतो, आणि शेवट आधीच ठाऊक असलेला प्रेक्षक पात्रांपेक्षा स्वतःला शहाणा समजतो. दोनशे वर्षांनी जन्मणे, ही काही बुद्धिमत्ता नव्हे.

२४.
मराठीची शब्दसंपत्ती येथे उपयोगी पडते, कारण इंग्रजीने एका पोत्यात कोंबलेल्या वस्तू तिने वेगळ्या ठेवल्या आहेत. उलट बोलून टोचणे तो उपरोध. स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती, ती संस्कृत अलंकारशास्त्रातून आलेली व्याजस्तुती. हुबेहूब नकलेतून थट्टा, ते विडंबन. मानखंडना, ती विटंबना. भोळेपणाचे सोंग, तो मानभावीपणा. दैवाने घातलेला घाला, तो दैवदुर्विलास. हिंदीतली ‘विडंबना’ मराठी बातम्यांत उचलून आणणाऱ्यांनी विडंबन आणि विटंबना या दोन्ही शब्दांची धार एकाच वेळी बोथट केली आहे.

२५.
शब्द अर्थ बदलतात, याचा पुरावाही याच यादीत आहे. संस्कृतात ‘उपरोध’ म्हणजे अडथळा, अडवणूक. मराठीत तो बोचऱ्या उलट बोलण्याचे नाव झाला. म्हणजे व्युत्पत्ती दाखवून कोणाचे तोंड बंद करता येत नाही, आणि या थ्रेडचा तसा दावाही नाही. दावा इतकाच की, कोणत्या अर्थाने शब्द वापरला जातो आहे ते ठरवावे आणि तो अर्थ जी अट घालतो ती पाळावी. एकाच शब्दाने योगायोग, दगा, मूर्खपणा, अन्याय आणि दैव ही पाचही कामे करून घेणारा लेखक त्यांपैकी एकाचाही विचार केलेला नसतो.

२६.
शेवटी, ज्या जागी हे वाद होतात त्या जागेविषयी. समाजमाध्यमांवर कोणत्याही समाजाविरुद्ध गरळ ओकून अंगलट आले की ‘अहो, तो उपरोध होता’ हा खुलासा तयार असतो. क्विंटिलियनच्या खुणा येथे लावून पाहाव्यात. सूर कागदावर नसतो, तसा पडद्यावरही नसतो. व्यक्ती टोपणनावाआड असते. राहतो तो विषय. आणि बोलणारा एरवीही नेमके तेच बोलत असेल, तर ती खूणही उरत नाही. मग हा उपरोध नव्हे. डेमॉस्थेनिसने ज्याला नावे ठेवली तीच ही जुनी ‘आयरोनेइया’: जबाबदारी आली की पांघरायचा भोळेपणा. डिफोने निदान खोड्यात उभे राहून किंमत मोजली होती.

२७.
आणि याची दुसरी बाजू अधिक क्रूर आहे. कोणी तळमळीने, पुराव्यानिशी काही मांडले की झुंड म्हणते, ‘हे सगळे नाटक आहे; हा मानभावी आहे.’ त्या क्षणापासून त्याचा प्रत्येक खुलासा नवे सोंग ठरतो. अथेन्सच्या न्यायसभेत सत्तर वर्षांच्या माणसाने हेच अनुभवले. महानुभावांनी शतकानुशतके भोगले. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी या शब्दाकडून एवढे तरी शिकावे: समोरच्याला ‘आयरॉन’ म्हणण्याआधी त्याचे म्हणणे एकदा शब्दशः खरे धरून ऐकावे. ते खोटे निघाले, तर पुराव्याने पाडता येते. पण ऐकायच्या आधीच सोंग ठरवले, तर खरे निघाल्यावर ते ऐकायला कोणी उरत नाही.